पानावरचा आकडा आणि पानाचे बळ

बंगळूरसारख्या शहरातील एखाद्या मोठ्या गृहसंकुलात सायंकाळी फेरफटका मारला, तर जिन्याच्या पायऱ्यांवर रंगीत पत्ते मांडून बसलेली मुले बहुधा दृष्टीस पडतात. घरी कोणी कन्नड बोलतो, कोणी तमिळ, कोणी मराठी. पायरीवर मात्र साऱ्यांची भाषा एकच असते आणि ती आकड्यांची असते. ‘माझा तीनशेचा आहे,’ असे एक जण म्हणतो आणि साठाचे पान हाती असलेला दुसरा ओशाळतो. मग देवघेव सुरू होते. तीनशेच्या एका चकचकीत पानासाठी सात-आठ साधी पाने सहज दिली जातात. खेळायला बसल्यावर मात्र तो तीनशेचा धनी वारंवार हरतो, आणि आपल्याला कोणी फसवले, हे त्याला उमगत नाही. वस्तुतः त्याला कोणीच फसवलेले नसते. पानावर छापलेला आकडा हेच पानाचे बळ, ही त्याची समजूत तेवढी चुकीची असते.

ही समजूत केवळ मुलांचीच असते असे नाही. वाढदिवसाची भेट घेण्यासाठी दुकानात गेलेले वडीलही मोठा आकडा पाहूनच पाकीट निवडतात. अद्भुत प्राण्यांच्या झुंजींच्या या खेळांत आक्रमणाचे बळ कशाने ठरते, हे समजून घेणे म्हणूनच उपयोगाचे आहे. त्यासाठी फार गणित लागत नाही. बेरीज, वजाबाकी आणि दुप्पट एवढे आले की पुरते.

जुनी ओळख

हा विषय आपल्याला अगदीच अपरिचित आहे असे नाही. 1990 नंतरच्या दशकात भारतीय शहरांतील शाळकरी मुलांमध्ये कुस्तीगिरांच्या ‘ट्रम्प कार्डां’चे मोठे वेड होते. प्रत्येक पानावर एका मल्लाचे चित्र आणि त्याखाली त्याची उंची, वजन, छाती, लढतींची संख्या आणि क्रमांक छापलेला असे. ज्याची पाळी तो यांपैकी एक बाब पुकारी, आणि सरस आकड्याचा धनी दुसऱ्याचे पान जिंकून घेई. बळाची ही सर्वांत साधी रीत होय. आकड्यासमोर आकडा ठेवायचा आणि निकाल लावायचा. तरीही तिच्यातसुद्धा एक मेख होती. वजन पुकारले तर मोठा आकडा जिंके. क्रमांक पुकारला तर मात्र एक हा आकडा सर्वांवर मात करी. आकडा श्रेष्ठ की कनिष्ठ, हे तो कोणत्या रकान्यात आहे यावरून ठरे.

त्याहूनही जुना दाखला गंजिफाचा आहे. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हुसेनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आढळते. पुढे हा खेळ दक्षिणेत रुजला. सावंतवाडीचे गोल, लाखेचा लेप दिलेले गंजिफाचे पत्ते महाराष्ट्राला ठाऊक आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी तेथील राजवाड्यात या कलेला पुन्हा जीव दिला. बंगळूरहून जवळ असलेल्या म्हैसुरात तिसरे कृष्णराज वडियार यांनी एकोणिसाव्या शतकात या खेळाचे अनेक नवे प्रकार रचले. त्यांपैकी चामुंडेश्वरीच्या नावाच्या एका खेळात 320 पाने असत.

दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने असतात. एक राजा, एक प्रधान आणि एकपासून दहापर्यंतची दहा अंकपाने, अशी एकूण 120 पाने होतात. राजा सर्वश्रेष्ठ, त्याखाली प्रधान. अंकपानांचा नियम मात्र विलक्षण आहे. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ असते आणि एक्का तळाला जातो. उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का वरचढ असतो आणि दश्शी तळाला जाते. एवढेच नव्हे, तर दिवसा खेळताना आरंभ रामाच्या राजाने होतो आणि रात्री कृष्णाच्या. शिवाय एखाद्या रंगाचा राजा पडून गेला की त्याच रंगाचा प्रधान, जो क्षणापूर्वी दुय्यम होता, तो अजिंक्य होतो. पानावरचे चित्र तेच राहते, त्याचे बळ मात्र बदललेले असते. पायरीवरच्या मुलाला जे उमगत नाही, ते गंजिफा खेळणाऱ्याला पहिल्याच दिवशी शिकावे लागे.

तीनशेचे पान काय मागते?

आता आधुनिक खेळांकडे वळू. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ 1993 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि पाने जमवून, त्यांतून आपला गठ्ठा आपणच बांधून झुंजावयाचे, ही रीत रूढ झाली. 1996 साली जपानमध्ये पोकेमॉनचे पत्ते आले, आणि 1999 साली त्यांची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत निघाली. आपल्या शहरांतील मुलांच्या हाती प्रामुख्याने दिसतात ते याच घराण्याचे पत्ते.

पोकेमॉनच्या प्रत्येक प्राण्याच्या पानावर दोन प्रकारचे आकडे मुख्य असतात. वरच्या कोपऱ्यातील आकडा हा प्राणी किती मार सोसू शकतो ते सांगतो. त्याला आपण प्राणांक म्हणू. खाली प्रत्येक हल्ल्यासमोर छापलेला आकडा त्या हल्ल्याने होणारी हानी दाखवितो. त्याला आघातांक म्हणू. झालेल्या आघातांची बेरीज प्राणांकाएवढी झाली की तो प्राणी बाद होतो. मुले मोठ्याने पुकारतात तो आकडा म्हणजे आघातांक. परंतु त्याच्या डाव्या बाजूस काही लहान गोल चिन्हे असतात आणि त्यांच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. ती त्या हल्ल्याची किंमत होय. प्रत्येक चिन्हासाठी एक ऊर्जेचे पान त्या प्राण्याला आधी जोडलेले असावे लागते, आणि हातातून एका पाळीत ऊर्जेचे एकच पान जोडता येते.

या एका अटीने सारे गणित पालटते. उदाहरणादाखल 1999 सालच्या पहिल्या संचातील दोन पाने घेऊ. चारिझार्ड हा ज्वाला ओकणारा पंखधारी सरडा त्या संचाचा मुकुटमणी मानला जातो. त्याचा प्राणांक 120 आणि आघातांक 100. दुसरे पान हिटमॉनचॅन या मुष्टियोद्ध्याचे. त्याचा प्राणांक 70. त्याचा एक ठोसा 20 चा आणि दुसरा 40 चा. केवळ आकडे पाहिले तर दोघांची तुलनाच होऊ नये.

आता किंमत पाहू. हिटमॉनचॅन हातात आला की लगेच मांडता येतो. त्याच्या 20 च्या ठोशाला एक ऊर्जा पुरते, 40 च्या ठोशाला तीन. चारिझार्ड मात्र थेट मांडता येत नाही. आधी चार्मँडर मांडावा लागतो, त्याचे पुढच्या पाळीत चार्मेलिअनमध्ये आणि त्यापुढील पाळीत चारिझार्डमध्ये रूपांतर करावे लागते. त्याच्या हल्ल्याला चार ऊर्जा लागतात, आणि हल्ला केल्यावर त्यांपैकी दोन टाकून द्याव्या लागतात.

समजा, दोन्ही खेळाडूंना हवी ती पाने हव्या त्या वेळी मिळाली. हिटमॉनचॅन पहिल्या पाळीत 20, दुसऱ्या पाळीत 20 आणि तिसऱ्या पाळीपासून दर वेळी 40 ची हानी करतो. चौथ्या पाळीअखेर त्याची बेरीज 120 होते. चारिझार्डचा धनी बालरूपातील किरकोळ ओरखडे वगळता चौथ्या पाळीपर्यंत नुसती जुळवाजुळव करीत असतो; चौथ्या पाळीला तो 100 चा घाव घालतो. दोन ऊर्जा गेल्यामुळे पाचवी पाळी रिकामी जाते. सहाव्या पाळीला दुसरा घाव बसतो आणि दोघांचीही बेरीज 200 होते. आठव्या पाळीला चारिझार्ड 300 वर पोहोचतो तेव्हा हिटमॉनचॅन 280 वर असतो. म्हणजे शंभरांचा राक्षस चाळिसांच्या मुष्टियोद्ध्याला आठव्या पाळीत कसाबसा मागे टाकतो. तेही सर्व पाने वेळेवर आली तरच. एखाद्या पाळीत चार्मेलिअन हाती आला नाही, तर हा हिशेबही कोलमडतो.

यात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. समोरच्या प्राण्याचा प्राणांक 50 असेल, तर 100 च्या घावातील उरलेले 50 वाया जातात. ती हानी दुसऱ्या प्राण्याच्या खात्यावर जमा होत नाही. मुंगी चिरडायला हत्तीच्या पायाची गरज नसते, आणि हत्तीचे खाणे तर दररोजचेच असते.

तेव्हा आघातांक वाचण्याची योग्य रीत अशी : हा आकडा किती पाळ्यांनी हाती येतो, एकदा आला की किती वेळा वापरता येतो, आणि तोवर आपण काय सोसतो, हे तीन प्रश्न विचारावेत. पावसाळ्यानंतर मिळणाऱ्या पाण्याचा शेतकऱ्याला जसा उपयोग नाही, तसाच सामना संपल्यावर येणाऱ्या शंभरांचाही नाही.

समोर कोण आहे?

किंमत चुकती केली तरी बळ निश्चित झाले असे नाही. हल्ला कोणावर होतो, यावरही ते अवलंबून असते. पोकेमॉनमध्ये प्रत्येक प्राण्याचा एक वर्ग असतो : अग्नी, जल, वनस्पती, वीज, मल्ल इत्यादी. पानाच्या तळाशी त्या प्राण्याला कोणत्या वर्गाकडून अधिक भय आणि कोणत्या वर्गापासून संरक्षण, हे छापलेले असते. पहिल्या संचाच्या नियमाप्रमाणे भयाच्या वर्गाकडून झालेला आघात दुप्पट होतो, आणि संरक्षणाच्या वर्गाकडून झालेल्या आघातातून 30 वजा होतात.

चारिझार्डला जलवर्गाचे भय आहे आणि मल्लवर्गापासून संरक्षण आहे. त्यामुळे वरच्या उदाहरणातील हिटमॉनचॅन चारिझार्डवरच चालून गेला, तर त्याच्या 20 च्या ठोशातून 30 वजा होऊन हाती शून्य उरते. 40 च्या ठोशाचे अवघे 10 होतात. आठ पाळ्या बरोबरीने चालणारा मुष्टियोद्धा येथे निष्प्रभ ठरतो. त्याने चारिझार्डला गाठायचे असेल, तर तो चार्मँडर किंवा चार्मेलिअन असतानाच गाठले पाहिजे. कारण त्या दोघांना हे संरक्षण नाही.

उलट, ब्लास्टॉइज हा जलवर्गातील कासवसदृश प्राणी घ्या. त्याच्या जलप्रपाताचा मूळ आघातांक 40 आहे. त्यासाठी तीन ऊर्जा लागतात, आणि वर जोडलेल्या प्रत्येक जलऊर्जेगणिक 10 वाढतात, मात्र ही वाढ 20 च्या पुढे जात नाही. म्हणजे फार तर 60. चारिझार्डसमोर या 60 चे दुप्पट होतात आणि नेमके 120 भरतात. चारिझार्डचा प्राणांकही तेवढाच आहे. एका घावात तो बाद! गंमत अशी, की ब्लास्टॉइजचा प्राणांक 100 आहे आणि चारिझार्डचा आघातांकही 100. म्हणजे चारिझार्डही त्याला एकाच घावात बाद करू शकतो. येथे 60 आणि 100 हे दोन्ही आकडे समबल झाले. प्रश्न उरला तो इतकाच, की कोणाची तयारी आधी पूर्ण होते.

पवित्रा

यू-गी-ओ या दुसऱ्या जपानी खेळात बळाची आणखी एक बाजू स्पष्ट होते. काझुकी ताकाहाशी यांच्या 1996 साली सुरू झालेल्या चित्रकथामालिकेतून हा खेळ जन्मला आणि 1999 साली कोनामी कंपनीने त्याचे पत्ते बाजारात आणले. येथे आकडे हजारांत असतात. प्रत्येक प्राण्याला आक्रमणाचा एक आणि बचावाचा दुसरा असे दोन आकडे असतात. पान उभे ठेवले तर आक्रमणाचा पवित्रा, आडवे ठेवले तर बचावाचा. प्रत्येक खेळाडूच्या खात्यात आरंभी 8000 गुण असतात.

दोन उभी पाने भिडली, तर लहान आकड्याचे पान नष्ट होते आणि दोन आकड्यांतील फरक त्याच्या धन्याच्या खात्यातून वजा होतो. प्रसिद्ध ‘ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन’चे आक्रमण 3000 आणि ‘डार्क मॅजिशियन’चे 2500. हे दोघे उभे भिडले तर जादूगार नष्ट होतो आणि त्याच्या धन्याचे 500 गुण जातात. तीन हजारांनी केलेली हानी तीन हजारांची नसते, ती फक्त फरकाची असते. आता तोच ड्रॅगन आडवा असेल, तर त्याचा बचावाचा 2500 हा आकडा लागू होतो. जादूगाराने त्याच्यावर हल्ला केला तर दोन्ही आकडे समान ठरतात, आणि कोणाचेच काही बिघडत नाही. पान नव्वद अंशांनी वळवले, एवढ्यानेच निकाल बदलला.

किंमत येथेही आहेच. हे दोन्ही प्राणी रीतसर मांडण्यासाठी आपल्याच बाजूचे दोन प्राणी आधी बळी द्यावे लागतात. आणि एवढा खर्च करून आणलेल्या ड्रॅगनला ‘मॅन-ईटर बग’ नावाचा एक किडा संपवू शकतो. त्याचे आक्रमण अवघे 450 आहे. तो पालथा ठेवलेला असतो. हल्ल्यामुळे उलटला गेला की पटावरील कोणताही एक प्राणी नष्ट करण्याचा त्याला अधिकार मिळतो. त्याचे बळ आकड्यात नाहीच. ते पानाच्या मजकुरात आहे. आपल्याकडे शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ असे म्हणतात. येथे इतकेच म्हणावे लागेल, की युक्तीचीही शक्तीतच गणना करावी लागते.

आकड्यांची महागाई

वडीलधाऱ्यांच्या मनात आणखी एक शंका येते. जुन्या पानांवर 100 हा मोठा आकडा होता. आता तीनशेही सर्रास दिसतात. मग नवी पाने तिप्पट बलवान झाली काय? 2020 साली निघालेल्या ‘चारिझार्ड व्हीमॅक्स’ या पानाचा प्राणांक 330 आहे आणि त्याच्या सर्वांत मोठ्या हल्ल्याचा आघातांक 300. जुन्या चारिझार्डचे 120 आणि 100 हे आकडे शेजारी ठेवून पाहावे. आघात तिपटीने वाढला खरा, परंतु सोसण्याची ताकदही जवळपास तेवढ्याच पटीने वाढली. आपल्या बरोबरीच्या प्राण्याला एका घावात लोळविणे जुन्या चारिझार्डला साधत नव्हते, नव्यालाही साधत नाही. आजोबांच्या काळी शंभर रुपये पगार होता, आणि ज्वारीही त्याच मानाने स्वस्त होती. त्यातलाच हा प्रकार.

तथापि या महागाईचा खरा फटका जुन्या पानांना बसतो. नवी पाने निघत राहतात तसे जुन्यांचे आकडे अपुरे पडू लागतात आणि नवी पाकिटे घेण्याची गरज निर्माण होते. हा विक्रीचा भाग आहे आणि तो पालकांनी ओळखून असावा. परंतु रचनाकारांनी मोठ्या आकड्यावर एक वजनही टांगले आहे. पोकेमॉनमध्ये प्रत्येक खेळाडूची सहा पाने बक्षीस म्हणून बाजूला ठेवलेली असतात. प्रतिस्पर्ध्याचा साधा प्राणी बाद केला की त्यांतील एक पान उचलायचे. ज्याची सहाही उचलून झाली तो जिंकला. व्हीमॅक्स प्राणी बाद झाला तर मात्र प्रतिस्पर्ध्याला एकदम तीन पाने उचलता येतात. असे दोन प्राणी गमावले की सामना संपला. तीनशेचे पान मांडणारा खेळाडू अर्धा सामना एका पानावर लावीत असतो.

शहरांतील दुकानांत नकली पत्त्यांची सोनेरी पाकिटेही विकली जातात. त्यांवरील आकडे पुष्कळदा अवाच्या सवा असतात, आणि त्यांना कोणत्याही नियमाचा आधार नसतो. नियमाबाहेरचा आकडा म्हणजे बँकेबाहेरची नोट होय. तिच्यावर कितीही शून्ये छापली, तरी तिचे मोल कागदाएवढेच राहते.

पायरीवर परत

आता पहिल्या प्रसंगाकडे परत येऊ. सात-आठ पाने देऊन तीनशेचे एक पान घेणाऱ्या मुलाचे नेमके काय चुकले? ते पान वाईट नव्हते. परंतु त्याने दिलेल्या पानांत त्या राक्षसाची बालरूपे असतील, त्याला लागणारी ऊर्जा असेल, आणि तो तयार होईपर्यंत आघाडी धरून ठेवणारे साठाचे शिपाई असतील. राजा विकत घेताना त्याने सैन्य देऊन टाकले.

अशा मुलाला रागावण्यात अर्थ नाही. त्याच्या शेजारी पायरीवर बसावे, एक कागद घ्यावा आणि पाळीमागून पाळी दोन पानांची बेरीज मांडून दाखवावी. या बेरजेला अर्धा तास पुरतो. त्यानंतर तो पुढच्या पानाचा आकडा पाहील, आणि मग त्याची नजर आपोआप डावीकडील लहान गोल चिन्हांकडे वळेल. समोर कोण आहे, आपली पाळी कितवी, आणि हा आकडा हाती येईतो आपल्याजवळ काय उरेल, हे तो स्वतःला विचारू लागेल. गंजिफा खेळणाऱ्या कोणा आजीने दिवस आहे की रात्र हे पाहून, रंग कोणता हे पाहून आणि राजा पडला की नाही हे आठवून मगच आपल्या हातातील एक्क्याची किंमत ठरविली असेल. तिच्या पणतवंडालाही तेच करावयाचे आहे.